तुमचे प्रश्न: किब्बर ते कोरझोक, परांग ला ओलांडून

गेल्या अंकात परांग लाबद्दल चार ओळी काय छापल्या, पत्रं आणि मेल्सचा नुसता पाऊस पडलाय. सगळ्यांना उत्तर देणं काही शक्य नाही, त्यामुळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत तेवढे घेतोय. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात किब्बर नावाचं गाव आहे, तिथून निघायचं, साधारण ५,६०० मीटरवरची परांग ला खिंड ओलांडायची, पलीकडे पारे चू नदीच्या काठाकाठाने चालत लडाखच्या चांगथांग पठारावर यायचं आणि त्सो मोरिरी सरोवराच्या कडेने कोरझोक गावात बाहेर पडायचं. चालायचे आठ-नऊ दिवस. किब्बरच्या आसपासची वस्ती मागे पडली की थेट कोरझोकपर्यंत गाव म्हणून नाही, आणि पूर्वेला तिबेटची हद्द फार लांब नाही. किब्बरची माणसं पूर्वापार याच वाटेनं चांगपांकडे, म्हणजे चांगथांगच्या भटक्या मेंढपाळांकडे, व्यापाराला जायची, तेव्हा ही वाट काही कुणा ट्रेकरने शोधलेली नाही, आपली मंडळी तिथे फार उशिरा पोचली.

आम्ही पाच जण, सगळे आयटीवाले. १५ ऑगस्टला जोडून दहा दिवसांची सुट्टी मिळतेय. मनालीहून थेट काझा, दुसऱ्या दिवशी किब्बर, तिसऱ्या दिवशी चालायला सुरुवात असा प्लॅन केलाय. फिटनेसचं टेन्शन नाही, कातरज ते सिंहगड रात्रीत करतो, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं झालाय. प्लॅनमध्ये काही राहिलंय का ते सांगा सर. (चिंचवड)

दहा दिवस विसरा. आता सविस्तर सांगतो.

नळीची वाट चढलेल्या पायांबद्दल मला काडीची शंका नाही, पण इथे पायांचा प्रश्नच नाहीये. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. तुमचा ट्रेक जिथून सुरू होतो ते किब्बरच ४,२०० च्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपट उंचीवर तुम्ही अजून एक पाऊलही न टाकता नुसते चहा पीत बसलेले असणार. खिंडीत पोचाल तेव्हा हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा, म्हणजे प्रत्येक श्वासाला ऑक्सिजनही निम्माच. याची सवय शरीराला व्हायला दिवस लागतात आणि ते दिवस जिम मारून कमी होत नाहीत. उलट फिट पोरांचाच जास्त घोळ होतो, कारण ती भराभर चढतात आणि डोकं दुखतंय हे ग्रुपमध्ये कुणाला सांगत नाहीत, इज्जतीचा प्रश्न ना.

मनाली २,००० मीटर. तिथून एका दिवसात कुंझुम खिंड ओलांडून काझा म्हणजे एका झटक्यात दीड हजाराच्या वर उडी, आणि दुसऱ्या दिवशी किब्बर म्हणजे वर आणखी पाचशे. डॉक्टर मंडळींचा साधा नियम आहे, ३,००० च्या वर गेलं की झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नको आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवायचा नाही. तुमच्या प्लॅनमध्ये हा नियम पहिल्याच दिवशी मोडतोय.

म्हणून या शिमल्याच्या बाजूने. शिमला, मग कल्पा, मग नाको, ताबो, काझा. गाडीत बसून कंटाळाल, सतलजच्या खोऱ्यातला तो रस्ता हाडं खिळखिळी करतो, पण कल्पा २,९०० च्या आसपास, नाको ३,६०० च्या, ताबो त्याहून थोडं खाली, असं हळूहळू शरीर वर जातं. काझात दोन रात्री, किब्बरमध्ये दोन रात्री. आणि किब्बरमधल्या त्या रिकाम्या दिवशी गोधडीत लोळायचं नाही, चिचमच्या पुलापर्यंत चालत जाऊन या, गावामागच्या कुरणांवर दोन-तीनशे मीटर चढा, वर बसा, फोटो काढा, खाली येऊन झोपा.

आता पुढचा भाग नीट वाचा कारण सगळं इथे आहे. किब्बरहून पहिला मुक्काम थलताक, मग एका खोल घळीत उतरून तिच्यातून वर वर चढत बोरोगेन, हा खिंडीच्या पायथ्याचा मुक्काम, ५,००० च्या वर. मग खिंड. आपल्याला सह्याद्रीत सवय अशी की खिंड ओलांडली म्हणजे सुटलो, आता उतारच उतार, संध्याकाळी एसटी. इथे पलीकडे उतरलात की पहिला मुक्काम खारसा गोंगमा, तोही ५,००० च्या आसपासच. मग दातांग योंगमा, राचोलामो, नोर्बू सुम्दो, कियांगदोम, आणि शेवटी सरोवर, त्याचं पाणी ४,५०० मीटरवर. म्हणजे खिंडीनंतरचे सगळे दिवस तुम्ही साडेचार हजाराच्या खाली येतच नाही. विरळ हवेचा त्रास वाढला की औषध एकच, खाली उतरणं, आणि खिंडीपलीकडे उतरायला खालची जागाच नाही. खाली जायचं तर परत मागे खिंड चढून स्पितीत, नाहीतर चार-पाच दिवस पुढे चालून गाडी. इथेच घोडं पेंड खातं.

त्यामुळे या ट्रेकचा निर्णय खिंडीवर घ्यायचाच नाही, तो बोरोगेनला आदल्या संध्याकाळी घ्यायचा. आणि तो बहुमताने नाही घ्यायचा. जेवणाआधी प्रत्येकाला तंबूबाहेर काढा, जमिनीवर एक दोरी सरळ ताणून टाका आणि टाचेला बोट लावत तिच्यावरून चालायला लावा, दहा पावलं. जो डुलतो, दोरीवरून बाजूला पडतो, त्याच्या मेंदूवर सूज यायला लागली असण्याची शक्यता आहे, त्याला सकाळची वाट न बघता खाली न्यायचं, कितीही विनोद करत असला तरी. डोकं नुसतं जड आहे, भूक कमी आहे, पण चालणं सरळ आहे, तर तिथेच एक दिवस जास्त थांबा. गोळी घेऊनही डोकेदुखी जात नाही, ओकाऱ्या चालू आहेत, तर मागे. बसल्या जागी धाप लागतेय, खोकल्यातून फेस येतोय, तर फुप्फुसात पाणी, मग तर चर्चाच नको, रात्र असली तरी उतरायचं. आणि त्याच्याबरोबर कोण उतरणार ते पुण्यातच ठरवा, कारण वर गेल्यावर कुणीच तयार होत नाही, सगळ्यांनी तेवढेच पैसे भरलेले असतात.

डायमॉक्सची गोळी बरेच जण घेतात, मदत होते, पण आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर त्यांना आधी सांगा, आणि पहिल्यांदा घेऊन बघायची ती घरी, बोरोगेनला नाही. ती गोळी घेतली म्हणून दोन दिवस वाचवले हा हिशेब मात्र करू नका.

सगळी गोळाबेरीज केली तर पुण्याहून पुण्यापर्यंत तीन आठवडे, त्यात दोन-तीन दिवस मोकळे गाठीशी हवेतच. स्पिती पावसाच्या सावलीत आहे म्हणून ऑगस्ट चालतो हे खरं, पण तिथे पोचायचा रस्ता पावसाच्या सावलीत नाही. २०२३ च्या जुलैत स्पितीतल्या चंद्रताल सरोवरापाशी तीनशेच्या आसपास पर्यटक कितीतरी दिवस अडकून पडले होते ते आठवत असेल. सुट्टी दहाच दिवसांची असेल तर यंदा हम्प्ता पास करा, मनालीजवळच आहे, ४,२०० च्या आसपास, हिरव्या कुल्लूतून एकदम उजाड लाहौलमध्ये उतरतो, आणि उंचीवर आपलं शरीर कसं वागतं हेही कळेल. परांग ला पुढच्या वर्षी.

सर, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाईड, घोडे वगैरे परवडत नाहीत. एकाकडून जीपीएसचा ट्रॅक मिळालाय, ऑफलाइन नकाशे आहेत, मी आणि माझा मित्र दोघंच सामान पाठीवर घेऊन जायचं म्हणतोय. कितपत शक्य आहे? (नाशिक)

शक्य आहे, लोकांनी केलंय, पण तू करू नकोस. राग मानू नकोस, कारण सांगतो.

ट्रॅक तुला वाट दाखवतो, पण तो ज्या दिवशी रेकॉर्ड केला त्या दिवशीची. खिंडीच्या उत्तरेला हिमनदी आहे, ताज्या बर्फाखाली भेगा झाकल्या जातात, आणि गेल्या वर्षी जिथून कुणी सुखरूप उतरलं तिथे यंदा काय आहे ते मोबाईलला माहीत नाही. तिथे दोरी लागते, दोरीला माणसं लागतात, आणि दोघांच्या दोरीत एक भेगेत गेला तर दुसऱ्याने त्याला एकट्याने बाहेर काढायचं असतं, ते शिकल्याशिवाय जमत नाही. तू शिकलायस का? नसशील तर आधी उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट किंवा मनालीची अटलबिहारी वाजपेयी इन्स्टिट्यूट, यांचा बेसिक कोर्स कर, महिन्याभराचा असतो, सरकारी संस्था असल्यामुळे त्यात मिळतं त्या मानाने पैसे कमी. नंबर लागायला वेळ लागतो, तेव्हा आत्ताच अर्ज टाक.

दुसरं वजनाचं. दहा दिवसांचं दोघांचं खाणं, इंधन, तंबू, थंडीचे कपडे, दोरी, बूट वगैरे धरून पाठीवर पंचवीस किलोच्या खाली येत नाही, आणि ते घेऊन ५,६०० ला चढायचं. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, ट्रेनमध्येही नेऊ नयेत, ते मनाली किंवा शिमल्यात शोधावे लागतात आणि काझात मिळतीलच असं धरून चालू नकोस.

तिसरं, ज्याचा कुणी विचारच करत नाही ते. किब्बरचे घोडेवाले हे नुसते सामान वाहणारे नसतात रे. नदी आज कुठून ओलांडायची, ढग कुठल्या बाजूने आले की खिंड बंद, कुठल्या ओढ्याला दुपारनंतर पाणी वाढतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत असतं, आणि वेळ पडली तर आजारी माणसाला घोड्यावर टाकून मागे आणतात. तुमच्या दोघांकडे तो घोडाच नसणार. पैसे वाचवायचे असतील तर माणसं वाढव, सहा जण झालात की घोडे, खानसामा, गाईड सगळ्यांचा खर्च वाटला जातो, आणि मोठ्या शहरातल्या कंपनीऐवजी काझा-किब्बरमध्ये थेट बोललास तर मधली दलालीही वाचते. फक्त भाव ठरवताना घोडे कोरझोकहून रिकामे परत जाणार त्या दिवसांचे पैसेही असतात हे लक्षात ठेव, उगाच घासाघीस नको. त्यांच्याकडे तंबू, गॉगल, धड बूट आहेत का ते निघायच्या आधी स्वतः बघ. बर्फात गॉगलशिवाय चालला तर डोळे त्याचेही जातात.

माझं वय ५४, बीपीची गोळी चालू आहे, कंट्रोलमध्ये आहे. सह्याद्रीत नियमित ट्रेक करते. घरचे म्हणतात आता हे वय आहे का. तुमचं मत? (ठाणे)

ताई, वयाचं काही नाही हो, साठी ओलांडलेली माणसं तिशीतल्यांना मागे टाकताना डोंगरात नेहमी दिसतात, कारण ती घाई करत नाहीत. बीपी कंट्रोलमध्ये असेल तर नुसत्या त्या कारणाने कुणी तुम्हाला नाही म्हणणार नाही. पण उंचीवर गेल्यावर बीपी सुरुवातीचे काही दिवस वाढतं, आणि तुमची गोळी कुठली आहे यावर बरंच अवलंबून आहे, काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, काहींनी नाडी वाढायची तेवढी वाढत नाही, या दोन्हीचा वर गेल्यावर फरक पडतो. तेव्हा फॅमिली डॉक्टरांकडे नुसतं 'ट्रेकला जातेय' म्हणून सर्टिफिकेट मागू नका, ५,६०० मीटर, आठ-नऊ दिवस, डॉक्टरची सोय नाही, असं स्पष्ट सांगा, ते हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवतील, स्ट्रेस टेस्ट सांगतील, ती करा. गोळ्या दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवा, एक घोड्यावर, एक पाठीवर. घोडा नदीत बसतो कधीकधी.

पण माझं खरं मत विचारलंत तर याच वर्षी परांग ला नको. आधी स्पितीतच लांग्झा, कोमिक, देमूल, ल्हालुंग, धनकर असा गावागावातून चालत जा. खिंडीएवढी उंची नाही, तरी ४,४०० ते ४,६०० पर्यंत जाता, आणि रोज रात्री कुणाच्या तरी घरात झोपता, थुक्पा गरम मिळतो आणि काही झालंच तर गाडी गावापर्यंत येते. लांग्झाच्या खडकांत समुद्री जीवांचे जीवाश्म सापडतात (उचलून आणू नका), हिक्कीमच्या पोस्टातून घरच्यांना कार्ड टाका. तिकडे चार-पाच रात्री झोप कशी लागते, भूक कशी राहते, सकाळी बीपी किती येतं ते वहीत लिहून आणा. ती वही बघून पुढच्या वर्षीचं मी सांगेन, आणि घरच्यांनाही दाखवायला काहीतरी होईल.

मुलगा मित्रांबरोबर हा ट्रेक करतोय. आठ-दहा दिवस फोन लागणार नाही म्हणतो. माझा भाऊ दुबईला असतो, तो सॅटेलाइट फोन पाठवतो म्हणालाय. तेवढाच जिवाला आधार. पाठवू का बरोबर? (कराड)

नका पाठवू ताई, अजिबात नका. तुमची काळजी कळते, पण भारतात सॅटेलाइट फोन दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे, थुराया आणि इरिडियमवर तर बंदीच आहे. नुसता मेसेज पाठवणारी ती छोटी यंत्रं, जी परदेशातले ट्रेकर खांद्याला लावून फिरतात, तीही यातच येतात. अशा यंत्रांपायी विमानतळावरच ताब्यात घेतलेले लोक आहेत, आणि हा तर सीमेजवळचा भाग. ड्रोनचंही तेच, न्यायचा नाही.

मग करायचं काय? लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम चालत नाहीत, तेव्हा मुलाला पोस्टपेड घ्यायला सांगा, म्हणजे बाहेर पडल्यावर पहिला फोन तरी लवकर येईल. किब्बर सोडण्याआधी एक फोन. आणि निघण्याआधी त्याच्याकडून एक कागद लिहून घ्या, नुसतं व्हॉट्सॲपवर नको, कागदच. त्यावर गाईडचं नाव-नंबर, घोडेवाला कुठल्या घरचा, रोजचे मुक्काम क्रमाने, कोरझोकला घ्यायला येणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर, काझाच्या एडीसी (अतिरिक्त उपायुक्त) ऑफिसचा आणि लेहच्या पोलिसांचा नंबर. शिवाय दोन तारखा. एक, कोरझोकला पोचायची. दुसरी, त्यानंतर तीन दिवसांची. पहिली तारीख उलटली म्हणून रडारड करायची नाही, हवा खराब असली की दोन दिवस इकडे तिकडे होतातच, उलट थांबलेत म्हणजे शहाणपणाने वागतायत. दुसरी उलटली की आधी गाडीवाल्याला, मग गाईडच्या घरी, मग प्रशासनाला फोन. नेपाळसारखं इथे खासगी हेलिकॉप्टर फोन केला की येतं असं नाही, इथे जिल्हा प्रशासनाकडून लष्कर किंवा हवाई दलापर्यंत निरोप जातो आणि मग हलतं, म्हणून नेमका कुठला मुक्काम, किती माणसं, हे तुमच्याकडे लिहिलेलं असेल तर त्यांचा अर्धा दिवस वाचतो.

मी भारतीय, धाकटा भाऊ न्यू जर्सीत, त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे. दोघांनी करायचाय. परमिटचं काय? (डोंबिवली)

ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं कार्ड, असलं तरी सीमेजवळच्या संरक्षित भागासाठी तो परदेशीच धरला जातो, त्याला वेगळं परमिट लागतं आणि ते नोंदणीकृत टूर ऑपरेटरमार्फतच काढावं लागतं, एकट्या माणसाला सहसा देत नाहीत, ग्रुप दाखवावा लागतो. शिमल्याच्या बाजूने आलात तर रिकाँग पिओ ते स्पिती या पट्ट्यासाठीही त्याला परमिट लागेल, तुम्हाला नाही. तुमच्यासाठी लेह प्रशासनाच्या पोर्टलवर पर्यावरण शुल्क भरायचं, ओळखपत्र आणि सगळ्याच्या चार-पाच झेरॉक्स बरोबर ठेवायच्या. नियम सारखे बदलतात, २०२१ मध्ये भारतीयांसाठी बरीच सूट दिली गेली, त्यामुळे कुणा मित्राने 'आम्ही गेलो तेव्हा कुणी विचारलंच नाही' सांगितलं तर त्यावर विसंबू नका, निघायच्या महिनाभर आधी स्वतः बघा. किब्बरच्या बाजूला अभयारण्य आहे, तिथल्या वन खात्याचं तुमच्या गाईडला विचारा.

नकाशावर पारे चू नदी पुढे पूर्वेला जाऊन परत स्पितीत सुम्दोला येते असं दिसतं. मग त्सो मोरिरीला न जाता नदीच्या कडेनेच गोल फिरून परत आलो तर लेहची गाडी आणि विमान दोन्ही वाचेल ना? (छत्रपती संभाजीनगर)

वाचेल, पण मध्ये तिबेट आहे!

नकाशा बघून असा विचार करणारा वाचक मला आवडला, पण नाही. पारे चू परांग लाच्या हिमनदीतून निघते, उत्तर-पूर्वेला वाहते, नोर्बू सुम्दोपाशी आपण तिला सोडून उत्तरेला सरोवराकडे वळतो आणि ती पूर्वेला चुमारच्या बाजूने तिबेटमध्ये शिरते, मग तिथून वळसा घालून पुन्हा हिमाचलमध्ये येते आणि सुम्दोला स्पिती नदीला मिळते. २००४ मध्ये तिकडे तिबेटच्या हद्दीत दरड कोसळून याच नदीचं पाणी अडलं, मोठं सरोवर झालं, आणि २००५ च्या जूनमध्ये ते फुटलं तेव्हा खाली किन्नौरमध्ये सतलजला पूर येऊन रस्ते आणि पूल वाहून गेले. तुम्ही शिमल्याहून ज्या रस्त्याने येता तोच तो पट्टा. आणि चुमारला २०१४ मध्ये भारत आणि चीनचं सैन्य कितीतरी दिवस समोरासमोर उभं होतं. तेव्हा नोर्बू सुम्दोला नदीच्या मागे मागे जायचं नाही, चुकूनही नाही. धुकं असेल, वाट कळत नसेल, तर तिथेच तंबू टाकून थांबा. जवान भेटले तर ओळखपत्र दाखवा, कुठून आलात कुठे चाललात नीट सांगा, त्यांचे आणि त्यांच्या ठाण्यांचे फोटो काढू नका, सहसा चहा पाजतात.

आम्ही शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. वर काय खायचं, आणि डाळ शिजते का? (जळगाव)

तिथे पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ दिवसभर ठेवली तरी दाताखाली येणार. प्रेशर कुकर न्यायचाच, छोटा का होईना, त्यातही मूग-मसूर न्या, हरभरा-राजमा घरी ठेवा. उंचीवर भूक मरते, तेव्हा पौष्टिकपेक्षा जे नरड्याखाली उतरतं ते महत्त्वाचं. मेतकूट-भात-तूप, लिंबाचं लोणचं, सातूचं पीठ, दाण्याची चटणी, राजगिऱ्याची चिक्की. शेंगदाण्याचे लाडू थंडीत दगड होतात, खिशात अंगाजवळ ठेवा. दिवसाला तीन-चार लिटर पाणी गेलं पाहिजे, तहान नसली तरी. दारू आणि झोपेच्या गोळ्या या दोन गोष्टी पूर्ण बंद. त्सो मोरिरीचं पाणी मचूळ आहे, प्यायला सरोवराला येऊन मिळणाऱ्या ओढ्यांचं घ्या. सरोवराच्या काठाला चिकटून तंबू लावायला बंदी आहे, तिथे राजहंस घरटी करतात, मागे सरकून लावा.

थट्टा करत नाही, खरंच विचारतोय. नदी ओलांडायला कोल्हापुरी चप्पल चालेल का? आमच्या गावची आहे, मजबूत असते. (कोल्हापूर)

मजबूत असते हो, पण ओलं चामडं गोट्यांवर सटकतं आणि मागून बंद नाही, पहिल्या धारेतच चप्पल तिबेटला जाईल. मागे पट्टा असलेले फ्लोटर्स घ्या, रबरी तळव्याचे. अनवाणी तर मुळीच नाही, ते पाणी बर्फाचं असतं, दहा-पंधरा पावलांत पाय बधिर होतात आणि मग खाली दगड आहे की खड्डा ते कळतच नाही.

नोर्बू सुम्दोची नदी रुंद आहे, तीन-चार प्रवाहांत फुटलेली असते, आणि दिवसभराच्या उन्हाने वरचा बर्फ वितळून दुपारनंतर चढते. म्हणून ती सकाळी लवकर ओलांडायची, उशीर झाला असेल तर अलीकडेच मुक्काम करायचा. जिथे पात्र सगळ्यात रुंद तिथे पाणी उथळ, अरुंद जागा बघून भुलायचं नाही. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढे, एकमेकांचे खांदे धरून तिरकं सरकत जा, एका वेळी एकच पाय उचलायचा. पाणी मांडीच्या वर जायला लागलं की मागे फिरून दुसरी जागा, नाहीतर घोड्यावर बसा, त्यात लाज कसली. कोरडे मोजे आणि पँट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या अगदी वर ठेवा, पलीकडे गेल्यावर बोटांनी गाठ सुटत नाही एवढी थंडी वाजते, तेव्हा गाठ मारू नका, नुसता पीळ द्या.